आपला कंदील कोणता?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही काही पंडित नाही. शाळा आठवीला सुटली आणि विसाव्या वर्षी सूतगिरणीच्या रिंगखात्यात लागलो. जे काही वाचलं ते रातपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून, डोळ्यांवर पाणी मारून वाचलं. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, आम्ही कंदिलावर बोलणार. दोघेचौघे हसले. म्हणाले, वर्धापनदिनाला कंदिलाचं काय काम? तर काम आहे. आणि त्याची सुरुवात आमच्या स्वतःच्या एका चुकीपासून आहे, ती आधी सांगतो.

२००६ सालची दिवाळी. आमची धाकटी तेव्हा तिसरीत होती. शाळेत बाईंनी मुलांकडून आकाशकंदील करून घेतला होता. पोरीनं दोन दिवस बसून कामट्या बांधल्या, पतंगाचा कागद डकवला आणि आईच्या मदतीनं दारावर टांगला. आम्ही रातपाळी करून सकाळी आलो आणि कंदील बघून डोकं सणकलं. आम्ही वस्तीत बावीस प्रतिज्ञा समजावून सांगत फिरणारे, आणि आमच्याच दारावर दिवाळीचा कंदील? लोक काय म्हणतील? स्टुलावर चढलो आणि खसकन ओढून काढला. कागद फाटला. आमची मंडळी म्हणाली, "अहो, काढायचा तर काढा, पण पोरीला सांगून तरी काढायचा." पोरगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबा, मग आपला कंदील कोणता?"

आम्ही म्हणालो, "आपल्यात कंदील नसतो."

बंधूंनो, हे उत्तर चुकीचं होतं. ते चुकीचं आहे हे कळायला आम्हाला दहा वर्षं लागली.

२०१६ साली वस्तीतले आम्ही अकराजण बुद्धपौर्णिमेला बुद्धगयेला गेलो. तिथे एका झाडाखाली लंकेहून आलेले पंधरा-वीस उपासक-उपासिका बसले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्यातला आमच्याच वयाचा एक माणूस कामट्या बांधत होता आणि एक म्हातारी उपासिका कागदाला खळ लावत होती. आम्ही उभे राहिलो. भाषा येत नाही, तरी त्यानं हातानं खूण केली, बसा. दोरा आमच्या हातात दिला. गाठ मारायची तर गिरणीकामगाराला काय शिकवायचं? तुटलेला धागा सांधण्यातच आयुष्य गेलेलं. आम्ही गाठी मारत गेलो, तो हसत गेला. संध्याकाळी तो कंदील पेटवून टांगला तेव्हा आम्हाला आमच्या दारावरचा फाटलेला कागद आठवला. आम्ही त्या माणसाला विचारलं, याला काय म्हणता? तो म्हणाला, "वेसाक कूडु."

तिथून परत आल्यावर आम्ही वाचायला बसलो. भन्तेजींना विचारलं, वाचनालय धुंडाळलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

वेसाक म्हणजे आपला वैशाख. पालीत वेसाख, सिंहलीत वेसक. थेरवादी परंपरेप्रमाणे तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना या पौर्णिमेच्या. कूडु म्हणजे घरटं, पिंजरा. कामट्यांचा पिंजरा आणि त्यात दिवा, म्हणून कूडु. त्यातला सगळ्यात जुन्या वळणाचा कंदील म्हणजे अटपट्टम. सिंहलीत अट म्हणजे आठ. ऐकायला आपल्या मराठीच्या शेजारचा शब्द वाटतो की नाही? आठ बाजूंचा कंदील. तिथले बरेच लोक या आठ बाजूंचा संबंध आर्य अष्टांगिक मार्गाशी लावतात.

लंकेत धम्म गेला तो आपल्याच भूमीतून. महावंस या पाली ग्रंथात सांगितलं आहे की सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर तिथे गेले आणि त्यांची आई विदिशेची. सांचीचा स्तूप ज्या विदिशेजवळ आहे तीच. मागून संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेल्या. दिवा लावून पूजा करण्याची रीत त्या बेटावर तेव्हापासूनची जुनी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान आले. त्यांनी लंकेत दंतधातूच्या उत्सवात रात्रंदिवस दिवे जळताना पाहिले, आणि आपल्याकडे पाटलिपुत्रालाही रथयात्रेच्या रात्री दिवे तेवत ठेवलेले पाहिले. म्हणजे मातीची पणती आणि तेल ही गोष्ट फार जुनी.

पण घरोघरी कागदाचा कंदील, रस्तोरस्ती रोषणाई, हा जो आजचा वेसाक आपण ऐकतो तो इतका जुना नाही. तो लढ्यातून आला आहे. हे आम्ही वाचलं तेव्हा आमचे कान टवकारले.

लंकेच्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगीज आले, मग डच, मग इंग्रज. १८१५ साली कँडीचं शेवटचं राज्यही इंग्रजांकडे गेलं. या काळात बौद्धांचे सण मागे ढकलले गेले. नाताळला सुट्टी, ईस्टरला सुट्टी, पण वैशाख पौर्णिमेला बौद्ध माणूस कामावर. आपल्याच देशात, आपली वस्ती जास्त असताना! गिरणीत ज्यांनी १४ एप्रिलची सुट्टी मागून मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आहेत त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

मग तिथे माणसं उठली. मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर हे मोठे वादपटू. १८७३ साली पानदुरा गावी त्यांनी मिशनऱ्यांबरोबर जाहीर वाद केला, हजारो लोकांसमोर. त्याची हकीकत छापून परदेशात गेली. ती वाचून कर्नल ऑल्कॉट नावाचा अमेरिकन माणूस १८८० साली लंकेत आला आणि गाले शहरी त्यानं पंचशील घेतलं. पुढे २५ मार्च १८८३ ला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोच्या कोटहेना भागात बौद्धांची मिरवणूक निघाली होती. तिच्यावर हल्ला झाला. एक बौद्ध मारला गेला, कित्येक जखमी झाले. शिक्षा कुणालाच झाली नाही. हेही आपल्याला नवीन नाही.

त्यावर लंकेच्या बौद्धांनी काय केलं ते लक्षात घ्या. त्यांनी समिती काढली. अर्ज लिहिले. १८८४ साली ऑल्कॉटला आपला प्रतिनिधी करून थेट लंडनला पाठवलं. मागण्यांत एक मागणी वेसाकच्या सुट्टीची होती. आणि १८८५ साली सरकारला ती मान्य करावी लागली. २८ एप्रिल १८८५, वैशाख पौर्णिमा, सुट्टीचा पहिला वेसाक. त्याच दिवशी कोटहेनाच्या दीपदुत्तमाराम विहारात गुणानंद थेरांनी बौद्ध ध्वज फडकवला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी. आज आपल्या विहारावर जो पंचरंगी ध्वज आहे तो तोच. दोन वर्षांपूर्वी ज्या भागात रक्त सांडलं, त्याच भागात हा ध्वज चढला.

सुट्टी मिळाली म्हटल्यावर लोकांनी सण उभा केला. घरोघरी कंदील लागू लागले. वेसाकची शुभेच्छापत्रं आली, भक्तिगीतं म्हणणाऱ्या मुलामुलींच्या टोळ्या आल्या. अभ्यासक सांगतात की यातल्या काही रीती सरळ नाताळवरून उचललेल्या आहेत. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. ज्यांनी दाबलं त्यांच्याकडूनही चांगली गोष्ट शिकायची आणि आपल्या अर्थानं वापरायची, याला अक्कल लागते.

हळूहळू त्याला मोठं रूप आलं. आज तिथे वेसाकला दोन दिवस सुट्टी असते. दारूची आणि मटणाची दुकानं बंद असतात. चौकाचौकात तोरण नावाचे उंच मंडप उभारतात. त्यांवर जातककथांची चित्रं, भोवती हजारो दिव्यांची उघडझाप आणि कर्ण्यावरून ती कथा सांगणारा माणूस. रस्त्याच्या कडेला दानसल, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत. जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. कोलंबोच्या बैरा तलावाच्या पाण्यात कंदिलांचा उजेड पडतो तो बघायला गावोगावचे लोक येतात.

आता कंदील कसा करतात ते सांगतो, कारण आमचा जीव त्यात आहे. बांबूच्या किंवा वेताच्या बारीक कामट्या तासायच्या. सारख्या लांबीच्या चार-चार कामट्यांचे चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा जोडत जायचे, की मधल्या जागेत आपोआप त्रिकोण तयार होतात. सांगाडा उभा राहिला की पातळ रंगीत कागद खळीनं डकवायचा. कडांना कात्रीनं कातरलेली नक्षी, खाली झिरमिळ्या. मोठा कंदील असेल तर त्याच्या भोवती छोटी छोटी पिल्लं टांगायची. आत पूर्वी खोबरेल तेलाची पणती किंवा मेणबत्ती, आता बल्ब. कागद घट्ट ताणला तर वाळल्यावर फाटतो, सैल सोडला तर सुरकुततो. हे प्रमाण हाताला कळतं, पुस्तकात सापडत नाही.

आणि बंधूंनो, आपल्याकडचा जुना चाळीतला आकाशकंदील बघा. तीच कामटी, तोच चौकोन, तोच पतंगाचा कागद, त्याच झिरमिळ्या. दोन्ही कंदील शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील. कंदील हा शब्द तरी कुणाचा? तो अरबीतून आला. कामटी बुरूड तासतो, कागद कारखान्यातला कामगार करतो, दोरा आमच्यासारखा गिरणीकामगार कातत असतो. कामटीला जात नसते. ती कशासाठी बांधली यावर तिचा अर्थ ठरतो. आमच्या पोरीनं कंदील केला होता, कर्मकांड केलं नव्हतं. फरक आम्हाला कळला नाही.

आता एक नाजूक मुद्दा. आपल्यातले काही बांधव म्हणतात की दिवाळी मुळात बौद्धांचीच, अशोकानं चौऱ्याऐंशी हजार विहार बांधले तेव्हाचा तो दीपदानोत्सव. भावना आम्हाला समजते. आम्हीही दोन-तीन वर्षं भाषणांत हेच सांगत होतो. पण मग मूळ शोधायला गेलो. महावंसात चौऱ्याऐंशी हजार विहारांची कथा आहे आणि ते पूर्ण झाल्यावर झालेल्या उत्सवात दीपमाळा, फुलमाळा लावल्याचंही आहे. पण ती आश्विनातली अमावास्या होती असं तिथे नाही आणि कागदी कंदिलाचं तर नावच नाही. शिवाय तो ग्रंथ अशोकानंतर सात-आठशे वर्षांनी लिहिलेला. बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्यानं बोलायला शिकवलं. जे सिद्ध होत नाही ते ओढून आणून आपण मोठे होत नाही. कुणी खोडून काढलं की पोरांपुढे आपलीच मान खाली जाते.

आणि जुनं असण्याची गरज तरी काय? कोरिया देशाचं उदाहरण घ्या. तिथे बुद्धजयंतीला कमळाच्या आकाराचे कागदी कंदील हातात घेऊन हजारो लोक सोल शहरातून मिरवणूक काढतात. त्या कंदील उत्सवाची नोंद इसवी सन ८६६ सालची सापडते, सिल्ला राज्यातल्या ह्वांगन्योंगसा विहाराची. २०२० साली युनेस्कोनं तो मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. त्यांचा उत्सव साडेअकराशे वर्षांचा, लंकेची वेसाकची सुट्टी १८८५ सालची. आणि आपली धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. वयानं आपण सगळ्यात लहान. पण उजेड तिन्ही कंदिलांचा सारखाच पडतो. सण आभाळातून पडत नाहीत, माणसं ते घडवतात. लंकेच्या लोकांनी घडवला, आपणही घडवू शकतो.

मात्र लंकेची गोष्ट इथेच थांबवली तर आम्ही अर्धसत्य सांगितलं असं होईल. १८८३ साली ज्यांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला, त्यांच्यातलेच लोक पुढे काय करून बसले तेही ऐका. मे १९१५, कँडी शहर, वेसाकची रात्र. मिरवणूक मशिदीवरून वाजत न्यायची की नाही यावरून तंटा झाला आणि दंगल पेटली. ती बेटभर पसरली. मुसलमानांची घरं, दुकानं, मशिदी लुटल्या, जाळल्या. मग इंग्रज सरकारनं लष्करी कायदा लावला आणि कित्येक सिंहली माणसं गोळीला बळी पडली. म्हणजे ज्या पौर्णिमेला करुणेचा दिवा लावायचा त्याच पौर्णिमेला शेजाऱ्याचं घर पेटलं. आपल्या मिरवणुकीतल्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावं. दुसऱ्याच्या दारापुढे मुद्दाम कर्णा वाढवला की आपण कोटहेनाच्या बाजूनं राहत नाही, दगड मारणाऱ्यांच्या बाजूला जातो.

आता शेवटची हकीकत. २०१७ पासून आपल्या विहारात बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आम्ही मुलांना कंदील शिकवू लागलो. पहिल्या वर्षी पाच मुलं आली. एका ज्येष्ठ बांधवांनी आम्हाला चारचौघांत विचारलं, "विहारात दिवाळी आणता काय?" आम्ही रागावलो नाही. २००६ साली आम्हीही तेच म्हणालो असतो. त्यांना बसवून ही सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, बरं, पण कागद निळा लावा. आम्ही निळा लावला.

मग २०२० साल आलं. टाळेबंदी. गिरणी बंद, पगार बंद, विहाराला कुलूप. ७ मे ला बुद्धपौर्णिमा. मिरवणूक नाही, खीरदान नाही. वस्तीत कुणाच्या घरात दोन दिवसांचं पीठ, कुणाच्या घरात तेही नाही. आम्हाला वाटलं, या वर्षी काही होत नाही. संध्याकाळी आम्ही दारात येऊन उभे राहिलो आणि बघतो तर गल्लीत कंदील. दुकानं बंद, रंगीत कागद मिळेना, तर पोरांनी वर्तमानपत्राचा कागद लावला होता. खराट्याच्या काड्यांचे सांगाडे केले होते. कुणी आत मोबाईलची बॅटरी ठेवली होती. सतरा घरांवर कंदील होते, आम्ही मोजले. त्याच दिवशी लंकेतही संचारबंदी होती आणि तिथलेही लोक घराघरांतच वेसाक करत होते.

आमची धाकटी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, होस्टेल बंद झाल्यामुळे घरी आलेली. आम्ही गल्लीत बघत असताना ती आमच्या मागे स्टूल घेऊन आली. हातात कंदील होता, अटपट्टम, वर्तमानपत्राचाच. म्हणाली, "बाबा, तुम्हीच चढा. त्या दिवशी काढला होतात, आज लावा." आमचे हात थरथरत होते. आम्ही चढलो आणि लावला. आई खालून म्हणाली, "सांभाळून, अहो, कागद फाटेल."

मित्रांनो, आमचं म्हणणं एवढंच आहे. शेजाऱ्याच्या सणाचा द्वेष करून आपला सण उभा राहत नाही. आणि मुलांना नुसतं "हे आपलं नाही" असं सांगून भागत नाही. मुलाच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली तर दुसरी द्यावी लागते. नाही दिली तर तो रिकामा हात बाजार भरतो. प्लास्टिकचे आयते कंदील, भाड्याची रोषणाई, कर्ज काढून लावलेला डीजे, हे सगळं त्या रिकाम्या हातातच येऊन बसतं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या बुद्धपौर्णिमेला प्रत्येक घरावर एक कंदील, घरच्या माणसांनी केलेला. विकत आणायचा नाही. दुसरी, कंदील लावताना घरातल्या मोठ्यानं मुलांना कोटहेनाची हकीकत सांगायची, १९१५ ची पण सांगायची, दोन्ही. तिसरी, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा आणि सरबताचा रांजण ठेवायचा आणि जाणाऱ्या प्रत्येकाला बोलवायचं, तो कोणत्याही समाजाचा असो. कागदी कंदिलात मेणबत्ती लावू नका, आपली घरं दाटीची आहेत. छोटा बल्ब लावा.

पाली भाषेत दीप या शब्दाचे दोन अर्थ आहेत, दिवा आणि बेट. ज्या बेटानं धम्म दोन हजारांहून जास्त वर्षं सांभाळला, त्या बेटाकडून एक कामटीचा कंदील आपण शिकलो, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपलंच तिकडे गेलं होतं, ते थोडं बदलून परत आलं.

कंदील करायला ज्यांना शिकायचं आहे त्यांनी विहारात यावं. आम्ही दर रविवारी संध्याकाळी असतो. कामट्या आणि दोरा आमच्याकडे आहे. कागद आणि पोरं तुम्ही आणा.



नमो बुद्धाय! जयभीम!